पाखाडी, साकव, बांध आणि पुळण: कोकणकिनारा पायी कसा पाहावा

कोकणात येणारी मंडळी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. समुद्राच्या कडेने चालायला बांधलेली वाट कुठे आहे? त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी फळ्यांची, दोन्ही बाजूंना कठडा असलेली, पाण्यावरून किंवा झाडीतून जाणारी वाट असते. तशी वाट आपल्याकडे आहे, पण मोजक्या ठिकाणी. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात ती खारफुटीतून जाते. खाली पणजीत, रुआ द ओरेमच्या खाडीकाठी तशीच एक आहे.

पण तेवढ्यावर थांबायचं कारण नाही. कोकणाने पायी चालण्यासाठी आपल्या वाटा फार पूर्वीच बांधून ठेवल्या आहेत. सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून, गावात उतरायला जांभ्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट आहे. वहाळ, म्हणजे ओढा, ओलांडायला साकव, म्हणजे छोटा पूल आहे. खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतून, कोरड्या पायांनी जायला बांध आहे. आणि दिवसातून दोनदा समुद्र मागे सरून जी वाट मोकळी करतो ती पुळण, म्हणजे वाळूचा किनारा आहे. या चारही वाटा एकमेकींना जोडून चालता आल्या की कोकणकिनारा खऱ्या अर्थाने दिसतो. गाडीच्या काचेतून त्यातलं काहीच दिसत नाही, हे मी गेली पंधरा-सोळा वर्षं चालल्यानंतर खात्रीने सांगतो.

पहिली पायरी: तिथी बघा, मग तारीख ठरवा

शनिवार-रविवार बघून सहल ठरवायची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. किनाऱ्यावरच्या वाटेचं दार समुद्र उघडतो आणि तोच बंद करतो. त्याची वेळ कळल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

हे मला एका आजींनी शिकवलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात मी डोंगराच्या नाकाडाला, म्हणजे समुद्रात घुसलेल्या टोकाला, वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर गेलो होतो. जाताना खडप, म्हणजे पाण्याकाठचा खडकाळ भाग, पूर्ण उघडं होतं, काळ्या खडकांवर पाणी फक्त खळग्यांतून साचलेलं. पलीकडे तासभर बसलो. परत फिरलो तेव्हा तीच वाट कमरेएवढ्या पाण्याखाली होती, आणि लाट आली की छातीपर्यंत भिजत होतो. खडकावर कालवं फोडणाऱ्या आजी केव्हाच वर येऊन बसल्या होत्या. मी धापा टाकत वर आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आज पंचमी ना रे बाळा? मग पावणेचारला पाणी भरणार. पाऊणकी येत नाही का तुला?"

पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. हिशोब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. अमावास्येला पंधरावी तिथी धरायची. ही वेळ दुपारची आणि रात्रीचीही, कारण दिवसात दोन भरत्या येतात, सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. त्या दिवशी पंचमी होती, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहा-दहाच्या सुमारास संपली होती. मी साडेदहाला निघालो, पलीकडे बसलो, आणि पाण्याच्या सगळ्यात वेगवान तासांत परत फिरलो.

हा वेगाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण माणसं अडकतात ती इथेच. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते इतकं हळू चढतं की समुद्र थांबलाय असं वाटावं. दुसऱ्या तासात वेग धरतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून एकूण चढणीची जवळजवळ निम्मी चढण पूर्ण करतं. "अजून तर काहीच पाणी आलेलं नाही" असं वाटतं तीच निघायची वेळ असते.

आता हा हिशोब सहलीला लावू. सकाळी सातपासून साडेनऊपर्यंत ओहोटी हवी असेल तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान हवी असेल तर त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या. या दिवसांना उधाण असतं, म्हणजे पाणी वर खूप चढतं आणि खालीही खूप उतरतं. खडप सगळ्यात जास्त उघडं पडतं, पण परतीची चूक सगळ्यात महागही तेव्हाच पडते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो. पाणी फारसं चढत नाही, फारसं उतरतही नाही, आणि ओहोटी भर दुपारी येते. नाकाडाला वळसे घालायचे बेत भांगाच्या दिवसांत करू नयेत, वाट उघडतच नाही. पाखाड्या आणि सडे मात्र खुशाल चाला.

पाऊणकी ही घरगुती पद्धत आहे. ती अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, मोबाईलवरही वेळा मिळतात, त्या जरूर बघा. पण तिथीचा हिशोब डोक्यात असू द्या. रेंज गेली की तोच उरतो. आणखी एक: मुंबईकडून दक्षिणेला यावं तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो. मुंबईजवळ उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत असणारा फरक मालवणाकडे जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यामुळे रायगडच्या किनाऱ्यावर चालताना वेळेचा काटा जास्त कसोशीने पाळा.

अलिबागचा कुलाबा किल्ला या सगळ्याचा चांगला सराव आहे. ओहोटीला पायी जाता येतं, भरतीला किल्ला पाण्यात असतो. ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड तास आधी निघा, किल्ल्यात तासभर फिरा, पाणी वळायच्या सुमारास परत पुळणीवर या. हा एक बेत बरोबर जमला की पुढचे सगळे जमतील.

दुसरी पायरी: महिना, वेळ आणि वारा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चालण्याचे महिने. मार्चपासून सड्यावरचा कातळ दहा वाजताच तापतो. पावसाळ्यात पुळण, खडप आणि नाकाडं पूर्ण वर्ज्य; समुद्र खवळलेला असतो, आणि ओहोटीवरही विसंबता येत नाही. पावसाळ्यात चालायचंच असेल तर पाखाडीने, तीही पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी, कारण जांभ्यावरचं हिरवं शेवाळ साबणासारखं निसरडं असतं.

पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, थंड आणि कोरडा. अकराच्या सुमारास तो पडतो, थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं, आणि मग समुद्रावरून खारा वारा सुटतो. दुपारचा हा वारा आपल्या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून येतो. म्हणून लांब पुळण दुपारनंतर चालायची असेल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे चाला, वारा पाठीशी राहील. उलट चाललात तर चार किलोमीटरची पुळण सहा किलोमीटरची वाटते आणि डोळे वाळूने भरतात. उतरायचं गाव आणि चढायचं गाव ठरवताना एवढा विचार केला की निम्मा थकवा वाचतो.

तिसरी पायरी: फळ्यांच्या वाटेवर डोळे तयार करा

सुरुवात ऐरोलीपासून करा असं मी नवख्यांना मुद्दाम सांगतो. वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या कामातून उभं राहिलेलं हे केंद्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला लागून आहे; अभयारण्य जाहीर झालं २०१५ मध्ये. हिवाळ्यात इथून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात, त्याही भरतीच्या वेळेनुसारच. पण बोटीची घाई करू नका. आधी लाकडी वाटेवर अर्धा तास घालवा, कारण इथे जे ओळखायला शिकाल ते पुढे वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक खाडीत उपयोगी पडेल.

खाली वाकून चिखलात बघा. पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी बारीक मुळं वर आलेली दिसली तर ते तिवर. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराचं पान उलटं करून त्याच्या पाठीवर बोट फिरवा आणि ते जिभेला लावा, खारट लागतं. झाडाने शोषलेलं मीठ पानातून बाहेर टाकलेलं असतं. मुळं जास्त जाड आणि शंकूसारखी असतील तर चिप्पी. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिची पांढरी झुपकेदार फुलं रात्री उमलतात, म्हणून सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर गळालेले केसर तरंगताना दिसतात. आणि खोडाच्या कमानी होऊन चिखलात उतरलेल्या दिसल्या तर तो कांदळ. त्याचं बी झाडावरच रुजतं. हिरवी, हातभर लांब शेंग दिसते ती खरं तर रोपटंच असतं. ओहोटीला गळलं की भाल्यासारखं चिखलात रुततं आणि तिथेच झाड होतं.

फळ्यांवर चालण्याची एक साधी युक्ती आहे. खिळ्यांच्या रांगेवरून पाय टाका. खिळे असतात तिथे फळीखाली आडवी तुळई असते, तिथे फळी वाकत नाही. फळ्यांच्या मधोमध, दोन तुळयांच्या मधे, जुनं लाकूड आधी कुजतं. गावातल्या साकवावरही हेच. हल्ली बहुतेक साकव सिमेंटचे किंवा लोखंडी झालेत, पण वाड्यांमधून पोफळीच्या किंवा माडाच्या खोडांचे साकव अजून सापडतात. तिथे एका वेळी एकानेच जायचं, पाय आडवे ठेवायचे, आणि पलीकडून कुणी डोक्यावर भारा घेऊन येत असेल तर आपण थांबायचं.

दोन दिवसांची वाट: हरिहरेश्वर ते वेळास

मला एकच वाट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. हिच्यात चढ, खडप, खाडी, फेरीबोट, किल्ला आणि पुळण सगळं आहे, आणि सावित्री नदी समुद्राला मिळते ते मुख दोन्ही काठांनी बघायला मिळतं.

पहिला दिवस हरिहरेश्वरचा. आदल्या संध्याकाळी श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावात पोचा. सकाळी काळभैरवाचं आणि मग हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन प्रदक्षिणेला निघा. प्रदक्षिणा देवळाभोवती नाही, डोंगराभोवती आहे. देवळामागून वाट डोंगर चढते, आणि माथ्यावरून गणेश गल्लीत उतरते. ही गल्ली म्हणजे दोन उभ्या कड्यांमधली चिंचोळी फट. तिच्यातून पायऱ्या खाली जातात. दोन्ही हातांना गार, ओलसर खडक लागतो. खाली समुद्राचा आवाज घुमत वर येतो, पण समुद्र दिसत नाही. शेवटच्या पायरीवर एकदम सगळं उघडतं, आणि आपण सपाट खडपावर, कड्याच्या पायथ्याशी उभे असतो.

इथे थांबा. पुढे पाऊल टाकण्याआधी पाच मिनिटं फक्त पाणी बघा. खडपाचा बाहेरचा काठ ओला आहे की कोरडा, मोठी लाट कुठपर्यंत येते, हे नीट बघा. वाळलेल्या खडकावर ताजा ओला पट्टा दिसत असेल तर पाणी चढतंय. तसं असेल तर आल्या पायऱ्यांनी परत फिरा. या खडपावरून लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. भरतीच्या वेळी जाऊ नका असं गावकरी सांगतात ते जीव तोडून सांगतात. देवाच्या प्रदक्षिणेला काही होत नाही, असं म्हणून त्यांचं ऐकणं टाळू नका.

ओहोटी असेल तर मात्र सावकाश चाला, कड्याच्या बाजूने. कड्याचा खालचा भाग लाटांनी कोरलाय. मधाच्या पोळ्यासारखी नक्षी आहे, काही खळगे मुठीएवढे, काही माणूस बसेल एवढे. हात फिरवला की कळतं, खळग्याच्या भिंती पातळ आणि धारदार आहेत, तळ मात्र गुळगुळीत. खाऱ्या पाण्याचे तुषार खडकात मुरतात, पाणी उडून गेलं की मिठाचे कण फुगतात आणि खडकाचा कण-कण सुटतो. तिथल्या एखाद्या खळग्यात वाळलेलं पांढरं मीठ बोटाला लागतंच. पाण्याकाठच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या. अनवाणी चालू नका, हात टेकतानाही बघून टेका. सावकाश चाललात तरी प्रदक्षिणा तासाभरात पुरी होते.

दुपारी बागमांडल्याला या आणि फेरीबोटीने वेसवीला उतरा. जंगल जेटी म्हणतात ती हीच; गाड्या, दुचाक्या, म्हावऱ्याच्या टोपल्या आणि माणसं एकत्र. अशाच बोटी दिघी-आगरदांडा, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या खाड्यांवरही आहेत, त्यामुळे किनाऱ्याने पायी जाणाऱ्याचा वळसा पुष्कळ वाचतो. वेसवीहून बाणकोटकडे जाणारा रस्ता खाडीच्या कडेने जातो. वाहनं कमी, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर.

बाणकोट किल्ला लहान आहे, अर्ध्या तासात बघून होतो. जांभ्याचा तट, खंदक आणि वरून सावित्रीचं मुख. १७५५ मध्ये हा इंग्रजांनी घेतला आणि त्याला व्हिक्टोरिया नाव दिलं. तटावर संध्याकाळी बसा. ओहोटीचं पाणी मुखातून बाहेर पडताना समुद्राच्या लाटेला भिडतं, आणि तिथे एक खळबळती रेघ उमटते. ही रेघ लक्षात ठेवा: कुठल्याही खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही, हे ती दाखवते.

दुसऱ्या दिवशी वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव आता समुद्री कासवांसाठी ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडे सोडली जातात. मुक्काम गावातल्या घरांतच करा, आधी कळवून. जेवणात उकडीचे मोदक मिळतील की सोलकढी-भात, हे त्या घरावर सोडा.

वेळासच्या पुळणीवर, आणि कासवं येतात अशा कुठल्याही पुळणीवर, नोव्हेंबरपासून पुढे ओल्या वाळूवरूनच चाला. भरतीची रेघ संपते तिथे कोरड्या वाळूवर एक वेल पसरलेली दिसेल. जाड, दुभंगलेली पानं, जांभळी फुलं. तिचं नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथून ती सुरू होते, आणि तिची मुळं वाळू धरून ठेवतात. कासवाची घरटी बहुधा या रेघेच्या आसपास असतात. रात्री पुळणीवर बॅटरी लावू नका. अंडी घालायला आलेली मादी उजेड दिसला की परत फिरते.

पाखाडीची वाट: आंजर्ले

दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला आता गाडी थेट वर जाते. गाडी वर नेऊ नका. गावातून पाखाडीने चढा.

पाखाडी कशी असते ते इथे कळतं. जांभ्याचे चिरे पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले, दोन्ही बाजूंना गडगा. गडगा म्हणजे चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचून केलेली भिंत. चिरा मधोमध झिजून बशीसारखा खोलगट झालेला असतो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनवाणी पायांनी. चढताना पाय आपोआप त्या खोलगटातच पडतो. उतरताना मात्र कडेने उतरा, कारण त्या बशीत पानं आणि ओल साचते. पायरी उंचीला कमी आणि लांबीला जास्त असते. डोक्यावर हंडा किंवा भारा घेतलेल्या माणसाच्या चालीला ती बेतलेली आहे. त्याच चालीने, न थांबता, हळू चढलात तर दम लागत नाही. शहरातल्या जिन्यासारखी भराभर चढलात तर विसाव्या पायरीला बसाल.

वाटेत खडकावर गणपतीचं पाऊल दाखवतात. समुद्राकाठचं देऊळ पाण्यात गेल्यावर देव वर कड्यावर गेला, असं लोक सांगतात. वरून एका बाजूला माडांची गर्दी आणि जोग नदीची खाडी, दुसरीकडे हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग. सकाळी नऊच्या आत वर पोचा, तेव्हा सूर्य पाठीमागे असतो आणि समुद्र स्वच्छ दिसतो. उतरून संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायला जा.

पाखाडी ही सार्वजनिक वाट असली तरी ती लोकांच्या अंगणांना लागून जाते. वाटेत बेडं लागेल, म्हणजे गडग्यातल्या फटीत सरकवलेले बांबू किंवा वासे. ते सरकवून आत गेलात तर मागे वळून पुन्हा लावा. नाही तर गुरं बागेत शिरतात आणि पुढच्या चालणाऱ्याला ती वाट बंद होते. माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या पाखाड्या याच एका कारणाने बाहेरच्यांना बंद झाल्या, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. अंगणात कुणी दिसलं तर "काकी, ही वाट खाली पुळणीवर उतरते का?" एवढं विचाराच, वाट माहीत असली तरी. विचारणारा माणूस चोरटा नसतो, हे त्यांना कळतं. आणि नव्वद टक्के वेळा एखादी जवळची वाट किंवा तांब्याभर पाणी मिळतं.

गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा याच जातीची, पण सोपी. तिथेही डोंगरालाच प्रदक्षिणा घालतात, फरसबंदी वाट आहे, वयस्कर माणसांनाही जमते. त्याला जोडून मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरापर्यंत चालत जाऊन या.

पिशवीत काय असावं

पायात पकड असलेल्या, मागे पट्टा असलेल्या सँडल. बूट वाळूने भरतात, चपला ओल्या जांभ्यावर दगा देतात. टोपी, दोन लिटर पाणी, थोडा गूळ-शेंगदाणा, शिट्टी, आणि एक काठी. काठी आधारापुरती नाही. सड्यावर आणि गडग्यांच्या फटींत फुरसं असतं. लहान, मातकट रंगाचं, पटकन न दिसणारं आणि विषारी. काठी आपटत चाललात की ते बाजूला होतं. गडग्यावर हात टेकून बसू नका. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय पाखाडी उतरू नका. उथळ पाण्यातून जाताना पाय उचलून न टाकता घासत न्या, वाळूत बसलेलं पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, सरकून जाईल. विसाव्याला माडाखाली बसू नका, वर नारळ आहेत की नाही हे बघायला आपण विसरतो.

बांधावर चालण्याबद्दल दोन शब्द. खाजणातला बांध भरतीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून घातलेला असतो, आणि त्यात उघाडी ठेवलेली असते: पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडणारं, खारं पाणी आत न घेणारं दार. उघाडीच्या फळ्यांवर उभं राहून फोटो काढू नका. एक फळी हलली तरी खारं पाणी आत शिरून शेत काही वर्षं नापीक होऊ शकतं. बांधावर खेकड्यांची बिळं असतात, तिथे माती आतून पोकळ असते. एकामागे एक, बांधाच्या माथ्यावरूनच चाला.

मालवणाकडे: तळाशीलची पट्टी

आचऱ्याच्या दक्षिणेला तोंडवळीपासून तळाशीलपर्यंत जमिनीची एक अरुंद, लांब पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मधे माड आणि घरं. काही ठिकाणी एका कानाला लाटा आणि दुसऱ्या कानाला खाडीतल्या वल्ह्याचा आवाज एकाच वेळी येतो. तोंडवळीला उतरा, दुपारी तीननंतर पुळणीने दक्षिणेकडे निघा, वारा पाठीशी असेल. ओहोटीची वेळ असेल तर ओल्या, घट्ट वाळूवर पाय रुतत नाहीत. त्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधल्या बिळापासून किरणांसारखी पसरलेली. लहान खेकडे वाळूतलं अन्न खाऊन उरलेली वाळू गोळ्या करून टाकतात. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं, आणि पुढच्या ओहोटीला नव्याने सुरू होतं.

ही पट्टी समुद्र खातोय, हेही चालताना दिसतं. मुळं उघडी पडलेले, समुद्राकडे कललेले माड, आणि दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे. पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर दोराच्या वरून उडी मारून जाऊ नका, बाजूला थांबा. हात लावायचा असेल तर विचारून दोर ओढायला लागा. ओढणाऱ्याला कुणी नको म्हणत नाही. तिथल्या एका काकांनी मला टोकाशी अडवून "आता पुढे जाव नको, पाणी भरता हा" असं सांगितलं होतं. माझ्या हिशोबाने अजून पाऊण तास होता. मी थांबलो. खरोखरच अर्ध्या तासात टोकाची वाळू पाण्याखाली गेली. मुखाशी पाणी कसं वळतं हे तिथे रोज होडी लावणाऱ्यालाच कळतं.

टोकाशी पोचल्यावर परत चालायची गरज नाही. होडी ठरवून खाडी ओलांडा आणि सर्जेकोटला उतरा, तिथून मालवण जवळ आहे. होडीचं आधी, दिवसाउजेडी बोलून ठेवा.

शेवटचा दिवस वेंगुर्ल्यासाठी राखा. मांडवी खाडीत मच्छीमार बायकांचा स्वामिनी बचतगट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. ऐरोलीच्या फळ्यांवरून वरून पाहिलेली चिप्पी, तिवर आणि कांदळ इथे पाण्याच्या पातळीवरून, फांद्यांखालून दिसतात, आणि ते सांगणारीचं आयुष्य त्याच खाडीवर गेलेलं असतं. होडीला खोल पाणी लागतं, म्हणून इथे सगळा हिशोब उलटा करा: ओहोटी टाळा, भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधीची वेळ मागा. चतुर्थी असेल तर दुपारी दोन, एकादशी असेल तर सकाळी सव्वासात. ताईंना आदल्या दिवशी फोन करून तिथी सांगितलीत, तर वेळ त्याच सांगतील.